सामाईक धुराडं

गवंड्याने निळीत बुडवलेली दोरी ताणली. तिचं एक टोक दाराच्या उंबऱ्याशी माझ्या नवऱ्याने धरलं होतं, दुसरं समोरच्या भिंतीशी थोरल्या भाऊजींनी. दोरी झटकली आणि हॉलच्या लाल फरशीवर सरळ निळी रेघ उमटली. ती बरोबर आगटीच्या मधोमध जाऊन थांबली.

"मालक, ही आगटी मधी येतीया," गवंडी म्हणाला. "भिंत हातभर इकडं न्हाईतर तिकडं सरकवाय लागंल."

"इकडं म्हंजे कुणाकडं?" भाऊजींनी विचारलं.

"आन् तिकडं म्हंजे?" आमच्या ह्यांनी विचारलं.

गवंडी बिचारा कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवत उभा राहिला. त्याला वाटलं होतं, आपण भिंत बांधायला आलोय.

"मधोमध म्हंजे मधोमध," भाऊजी म्हणाले. "निम्मी आगटी त्याची, निम्मी माझी."

"चालंल," हे म्हणाले.

सासरे गेल्यापासून दोघा भावांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. मी आणि माझी थोरली जाऊ अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. अक्काने पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, रडतेय. बघते तर हसू दाबत होती.

"शैले," ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "निम्म्या आगटीत निम्मी भाकर भाजायची आता. निम्मी कच्ची खायची."

महाबळेश्वरच्या बाजारपेठेच्या टोकाला आमचा तो बंगला. कुण्या इंग्रज साहेबाने उन्हाळ्यात राहायला बांधलेला, पुढे एका पारशाकडे गेलेला, त्याच्या वारसांकडून माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. सासरे म्हणायचे, साहेबाने आधी धुराडं बांधलं आणि मग त्याच्या भोवती घर बांधलं. ते खोटं नव्हतं. जांभ्या दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर सागवानी फळ्यांचं छत आणि मधोमध हा हॉल. घरातली प्रत्येक खोली हॉलमध्ये उघडायची. स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जायचं तरी हॉलमधूनच. कुणी कुणावर रुसून बसायचं म्हटलं तर त्या घरात जागाच नव्हती, कारण दुसरं माणूस चार वेळा समोरून जायचं. साहेबाला थंडी फार वाजत असणार. त्याने सगळ्यांना त्या एका आगटीपुढे आणून बसवायची सोय केली होती.

मी त्या घरात आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माहेरी आई नव्हती. पहिल्या थंडीत मी न्हाणीत तोंड धुवायच्या निमित्ताने रडायचे, ते अक्काने ओळखलं. तिने मला आगटीपुढे ओढत आणून बसवलं, केसांत कोमट तेल घातलं आणि म्हणाली, "रडायचं तर हितं रड. तिकडं गारठ्यात पडसं हुईल." तिला मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून मी तिची झाले, दुसरा शब्द मला सापडत नाही. नवरा होता, घर होतं, पण माझं माणूस म्हणून बोट दाखवायचं तर ते अक्काकडेच.

आणि आता तिच्या-माझ्यात भिंत येत होती.

सासऱ्यांचं वर्ष सरलं तसं बंगल्याचे गाळे पाडायचं ठरलं. बाजाराच्या तोंडावर एवढी जागा, तिथे राहून काय करायचं, असं दोघांचंही म्हणणं. पुढच्या बाजूला साहेबाने काढलेली सात काचांची गोल खिडकी होती, गरोदर बाईच्या पोटासारखी बाहेर आलेली. तिला शटर बसेना, म्हणून ती तोडून सरळ केली. व्हरांड्याची लाकडी नक्षी कापून दुकानांच्या पाट्यांना महिरप केली. खोल्यांमधली दारं विटांनी बुजवली. आगटीवरची शिसवी फळी सुताराने करवतीने मधोमध कापली. तिच्या मध्यावर एक फूल कोरलेलं होतं, तेही दोघांना निम्मं-निम्मं मिळालं. भाऊजींनी त्यांच्या भागात चपलांचं दुकान काढलं, आम्ही जाम, सरबतं आणि मधाचं. दुकानामागच्या खोलीत संसार. वाटणीच्या कागदात शेवटी एक ओळ राहिली ती धुराड्याची. ते काही कापता येईना. म्हणून लिहिलं, धुराडं सामाईक.

बोलणं बंद करायचं हे कागदात नव्हतं, पण ते सगळ्यात आधी अमलात आलं. "तिकडचं वारंसुद्धा नको हिकडं," हे मला म्हणाले. भाऊजींनी अक्काला काय सांगितलं ते मला पुढे तिच्याकडूनच कळलं. शब्दसुद्धा वेगळे नव्हते. शेवटी एकाच आईची लेकरं.

एकदा मी आगटीत पापड भाजत होते. धूर नाकात गेला, मला ठसका लागला. तसा विटांच्या पलीकडून आवाज आला, "पानी पी."

मी दचकले. "अक्का?"

"मग काय साहेबाचं भूत?"

झालं होतं असं, की गवंड्याने आगटीच्या आत एकेरी विटेचा पडदा छातीएवढा उंच नेला होता. त्यावर धुराड्याचा गळा सुरू व्हायचा, तिथे त्याचा हात पोचेना, म्हणून त्याने ते तसंच सोडलं. तिचा धूर आणि माझा धूर त्या पडद्याच्या वर एक व्हायचा आणि एकाच वाटेने आभाळात जायचा. आवाजही तसाच यायचा. आम्ही दोघी आगटीच्या कडेला विटांना पाठ टेकून बसायला लागलो, ती तिकडून, मी इकडून. तिने विस्तव केला की माझ्या पाठीला ऊब लागायची. पहिली काही मिनिटं आम्ही नवऱ्यांची टवाळी करायचो, मग कामाचं बोलायचो. आणि उठताना ती न चुकता म्हणायची, "येते गं." एकदाही ते म्हटल्याशिवाय ती उठली नाही. सासरी जाणाऱ्या लेकीसारखं म्हणायची आणि दोन हातांवरच्या चुलीकडे जायची.

त्या धुराड्यातून पावसाचं पाणी यायचं. आमच्याकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. पूर्वी सासरे चढून वर टोपण बसवायचे. आता चढायचं कुणी? पुरं टोपण बसवायचं तर एकाला दुसऱ्याच्या छपरावर पाय ठेवावा लागायचा, आणि तो कुणी ठेवू देईना. तिसऱ्या वर्षी मृगाच्या आधी आमचे हे शिडी लावून आमच्या बाजूने वर गेले आणि हात झटकत खाली आले.

"आपल्या निम्म्यावर पत्रा घातला. आपल्याकडं आता थेंब येनार न्हाई."

"आणि धूर?" मी विचारलं.

"त्यांची बाजू उघडीच हाय की. जाईल तिकडनं."

आमच्याकडे थेंब यायचा थांबला. पत्र्यावरून ओघळून सगळं पाणी पलीकडे पडायला लागलं. आषाढात अक्का म्हणाली, "आमच्या आगटीत तळं झालंय गं. ह्यांच्या चपलांवर बुरशी चढली. रोज शिव्या घालत्यात, कुनाला ते सांगत न्हाई." पत्र्याचं नाव मी काढलं नाही. सांगणार काय?

पावसाळ्यात आमचं गाव मिटून घेतं. बाजार बंद, पाहुणे नाहीत. घरांच्या पाठीमागच्या बाजूंना गवताच्या झड्या बांधायच्या. बांबूच्या चौकटीवर गवत पेरून केलेले ते पडदेच, वरून प्लास्टिकचा कागद, काथ्याने आवळून. दारं-खिडक्या सगळं त्याच्या आड. पुढचं शटर तेवढं येण्याजाण्याला. भाऊजी कुठलंही काम नेटकं करायचे, त्यांच्या झडीतून मुंगी शिरली नसती. आमच्या ह्यांचं काम अर्धं झालं की त्यांना चहाची तलफ यायची, त्यामुळे आमच्या मागच्या दाराशी एक फट कायम राहिलेली होती. त्या फटीवरून मी दरवर्षी त्यांना बोल लावायचे.

त्या दिवशी भाऊजी सकाळीच वाईला गेले, चपलांचे सोल आणायला. जाताना शटर ओढून बाहेरून कुलूप लावून गेले. यात वावगं काही नव्हतं. शटर आतून लागत नसे आणि माल आत होता. दुपारपर्यंत येतो म्हणाले होते. हे जेवून समोरच्या चहाच्या टपरीत पत्ते कुटायला गेले. मी आगटीपाशी आले.

"अक्का?"

"हाय की. कुठं जानार? कुलपात हाय."

"विस्तव केलास वाटतं. पाठीला लागतोय."

"कोळसा टाकलाय शेगडीत. लाकडं सगळी वली. ह्या चपला सुकवते, न्हाईतर आल्या-आल्या तोंड सुरू." मग ती म्हणाली, "शैले, आज थेंबसुद्धा पडंना बघ आगटीत. इतक्या दिवसांनी कोरडी हाय. देवालाच दया आली."

पाऊस तर पत्र्यावर धो धो चाललेला. मी म्हटलं, "वारा फिरला असेल."

"फिरला आसंल." थोड्या वेळाने म्हणाली, "तुला एक सांगू? दिवाळीनंतर मी ह्यांच्याशी बोलनार हाय. ह्या आगटीतल्या चार विटा काढा म्हननार. दार नको, भिंत ऱ्हाऊ दे तुमची. चार विटा. तुझं तोंड दिसंल एवढ्याच."

"ऐकतील?"

"न ऐकून सांगतात कुनाला? तीन वर्सं झाली गं. तुझं तोंड मी बाजारातल्या गर्दीत लांबनं बघते, चोरून. केस पांढरं झालं का तुझं?"

"एक झालाय."

"उपटू नको. मी आल्यावर उपटते."

आम्ही हसलो. मग तिचं बोलणं हळूहळू रेंगाळायला लागलं. मी एक विचारायची, ती उशिराने भलतंच उत्तर द्यायची.

"अक्का, झोप आली का?"

"डोकं जड झालंय. शिवण करून आसंल."

माझंही डोकं ठणकत होतं. पोटात ढवळायला लागलं तशी मी तोंडावर हात धरून मागच्या दाराशी पळाले आणि झडीच्या त्या फटीतून डोकं बाहेर काढून ओकले. बाहेरचा गार वारा तोंडावर आला. तिथेच दाराला धरून उभी राहिले, जरा हुशारी वाटली तशी चूळ भरून परत आले.

"अक्का, मलाही उलटी झाली बघ. सकाळच्या भाकरीचं पीठच..."

विटा कोमट होत्या. मी हाक मारली. पुन्हा मारली. ती उठून गेली असेल म्हणावं, तर "येते गं" म्हणाली नव्हती. मी वरवंट्याने विटांवर ठोकलं. पलीकडून काही नाही.

मी बाहेर धावले. दोघींच्या मधे एक वीट, पण तिच्याकडे जायचं तर पुढच्या शटरने रस्त्यावर निघायचं, बंगल्याच्या कोपऱ्याला वळसा घालायचा आणि चिखलातून त्यांच्या मागच्या अंगाला जायचं. पूर्वी हॉलमधून आठ पावलं होती. मागे भाऊजींची झडी. काथ्याच्या गाठी पाण्याने फुगून दगड झालेल्या. मी नखांनी ओढल्या, दातांनी ओढल्या, गवताची काडी निघेना. परत पुढे आले. शटरला कुलूप. तशीच भिजलेली टपरीत शिरले.

"अक्का बोलत नाही," मी ह्यांना म्हटलं. "आत काहीतरी झालंय. कुलूप तोडा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांच्या हातात पत्ते तसेच. "बोलत न्हाई म्हंजे? तू कवा बोलत होतीस तिच्याशी?"

"ते मागनं विचारा! मारा हवं तर मला! आधी कुलूप तोडा!"

हे उठले, शटरपाशी आले, कुलूप हातात धरून पाहिलं आणि सोडलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. माणूस दुष्ट नव्हता तो. घाबरलेला होता, पण कशाला घाबरला होता बघा.

"दादाचं कुलूप हाय. मी एकट्यानं तोडलं तर उद्या म्हनंल, माल नेला. चार मानसं उभी पायजेत. तू थांब, बागवानचाचांना आन् उतेकर गुरुजींना घिऊन आलो."

"अहो, ती मरेल!"

"आलोच म्हटलं ना!"

आणि ते पंच आणायला पावसात खरोखर धावत गेले. धावत गेले, हे मी त्यांच्या बाजूने आजही सांगते.

मी घरात आले, कोळसे फोडायची पहार घेतली आणि आगटीत वाकून विटांवर घातली. पडदा एकेरीच होता. चौथ्या-पाचव्या घावाला वीट पलीकडे ढासळली. त्या भोकातून मला केस दिसले. अक्काचा अंबाडा. ती नेहमीसारखी विटांना पाठ टेकून बसलेली होती. पहार टाकली मी. मग एकेक वीट हातांनी माझ्याकडे ओढून काढली, तिच्या अंगावर पडू नये म्हणून. चारच्या जागी दहा-बारा निघाल्या असतील. काखेत हात घालून तिला त्या निम्म्या आगटीतून माझ्या निम्म्यात ओढलं. तिचे गाल लाल होते, शेकोटीपुढून उठून आल्यासारखे. म्हणून मला वाटलं, आहे. तिला मांडीवर घेऊन मी तोंडावर पाणी मारत राहिले, हाका मारत राहिले.

पलीकडे कुलूप तुटल्याचा आवाज आला. शटर वर गेलं. हे, बागवानचाचा आणि उतेकर गुरुजी चपलांच्या राशींमधून वाट काढत आगटीपाशी आले आणि भोकातून माझ्याकडे बघत उभे राहिले. मग गुरुजी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुलूप शाबूत होतं. आम्ही पाहिलंय."

डॉक्टर म्हणाले, धूर कोंडला. कोळशाचा धूर दिसत नाही, वासही येत नाही, माणसाला झोपवून नेतो. भाऊजी घाटात दरड पडल्यामुळे अंधार पडल्यावर पोचले. त्यांच्या खांद्यावर सोलांचं गाठोडं होतं. ते त्यांच्याकडून कुणी काढून घ्यायचं, हेही कुणाला सुचलं नाही.

कोंडला कसा, हे कुणाला कळेना. दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आल्यावर, पाऊस जरा ओसरला तसे दोघे भाऊ वर चढले. हे आमच्या शिडीने, भाऊजी त्यांच्या. मी खाली अंगणात उभी राहून बघत होते.

धुराड्यावर दोन पत्रे होते. एक आमचा, हिरवा. दुसरा नवा कोरा, त्याची कड आमच्या पत्र्यावर वीतभर चढवलेली, वर दगड. नेटकं काम. वाईला निघण्याआधी उजाडता-उजाडता भाऊजींनी ते केलं होतं. आपण नसताना बायकोला पाणी उपसत बसावं लागू नये, म्हणून.

"तुज्या पत्र्याला फट आसंल असं वाटलं मला," भाऊजी म्हणाले.

"मला वाटलं तुजी बाजू उघडी हाय," हे म्हणाले.

तीन वर्षांत दोघांनी एकमेकांशी बोललेली ही पहिलीच वाक्यं. मला वाटलं, आता गळ्यात पडतील, नाहीतर एकमेकांना ढकलून तरी देतील. काहीही चाललं असतं मला. भाऊजी वाकले आणि त्यांनी दगड बाजूला करून आपला पत्रा काढला. मग ह्यांनी आपला काढला. दोघे आपापला पत्रा घेऊन आपापल्या शिडीने खाली उतरले.

आता तिथे जाऊन बघाल तर आमच्या भागात टी-शर्टचं दुकान आहे, भाडेकरूचं. भाऊजींच्या जागेत कसलेसे खेळ आहेत मशीनचे. पाहुणे येतात, निम्म्या आगटीपुढे उभे राहून फोटो काढतात, शिसवी फळीवरच्या निम्म्या फुलावरून हात फिरवतात. त्या पोरीला, दुकानातल्या, मी एकदा विचारलं, थंडी वाजते का गं इथे? म्हणाली, फार.

अक्काच्या तेराव्यानंतर तोच गवंडी भोक बुजवायला आला. बोलावला दोघांनी मिळून. त्याने खाली पडलेल्या विटा झाडून घेतल्या, सिमेंट कालवलं आणि आगटीत बसला. तीन थर चढले तशी मी पुढे झाले.

"चार विटा सोडा," मी म्हटलं.

तो थांबला. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे स्टुलावर बसून होते. माझ्यावर ओरडले नाहीत. फार मऊ आवाजात विचारलं त्यांनी. त्या आवाजात ते पुढे आयुष्यभरात कधी बोलले नाहीत.

"कशाला गं? पलीकडं कोन हाय आता?"

मी त्या तीन थरांवर हात ठेवला, विटा गार होत्या. मी हात काढेपर्यंत गवंडी थांबला, मग त्याने पुढची वीट पाण्यात बुडवून घेतली.